काळी फीत

बाप बटाटे किसत होता. किसता किसता खोकत होता, त्यामुळे किसणीचा आवाज मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. अलमुट स्वयंपाकघराच्या दाराशी कोट न काढताच उभी राहिली. तिनं आणलेलं सामान, म्हणजे दूध, लोणी, राईचा पाव आणि त्याच्या छातीचं औषध, टेबलावर तसंच पडलं होतं. दर गुरुवारी तिचा बाप एवाल्ड ती पिशवी आधी रिकामी करायचा, तिची घडी घालून तिच्या हातात द्यायचा आणि मग बस म्हणायचा. आज त्याला तेवढी सवड नव्हती. समोरचा बटाट्यांचा ढीग एकट्या माणसाचा नव्हता. आत पाऊल टाकताच तिनं ते पाहिलं होतं.

"कोण येतंय?" तिनं माहीत असून विचारलं.

"त्यार्क. रविवारी सामना आहे. त्याआधी धिरडी पाहिजेत म्हणाला." एवाल्डनं किसणी आपटून झटकली. "क्लबातली ती आहारवाली बाई त्याला उकडलेली कोंबडी घालते. सकाळ-संध्याकाळ कोंबडी. मला म्हणतो, एवाल्ड, काल स्वप्नात तुझा तवा आला होता. आता बोल."

"तेलकट खाऊन पळणार कसा तो?"

"तू त्याची काळजी करू नको. पळतो तो. तू पाहिलंस कधी?"

त्यानं कांदा घेतला, डोळे बारीक केले. "थांब की. तिघं खाऊ. सफरचंदाचा गर आहे, शेजारच्या कुबियाक बाईंनी दिलाय. साखर कमी घातलीय म्हणाल्या, म्हणजे भरपूर घातलीय."

"काम आहे मला."

"गुरुवारी संध्याकाळी वाचनालयात कसलं काम? पुस्तकं पळून जाणारेत?"

"आहे, बाबा."

"बरं," एवाल्ड म्हणाला.

त्याचं ते 'बरं' तिला लहानपणापासून पाठ होतं. त्यात राग नसे, आग्रह नसे. खाणीतून वर आलेला माणूस जसा दिवा काढून खुंटीला लावतो तसं तो ते बोलणं काढून ठेवायचा, आणि मग त्या विषयावर पुन्हा येत नसे. तिनं पिशवी स्वतःच रिकामी केली, स्वतःच घडी घातली. जाताना त्यानं कांद्याचे हात मागे धरून गाल पुढे केला आणि तिनं त्याला घाईनं गाल लावला. दाढीचे खुंट, तंबाखू नाही आता, नुसता साबण. जिना उतरून ती गाडीत बसली, पण गाडी सुरू केली नाही. असं ती नेहमी करत नसे. पण त्या दिवशी केलं. थोड्या वेळानं त्यार्कची काळी गाडी आली, पोरगा उतरला, डोक्यावर लोकरी टोपी, खांद्यावर काही नाही, हातात काही नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाणारा माणूस निदान फुलं तरी आणतो. त्यानं बेल वाजवली नाही. खिशातून किल्ली काढली आणि आत गेला. वर स्वयंपाकघराच्या काचेवर वाफ धरली होती, तिच्यामागे दोन आकृती हलल्या, एक बुटकी आणि एक उंच. मग उंच आकृती खाली वाकली, बहुधा बुटक्याला मिठी मारायला, आणि अलमुटनं गाडी सुरू केली.

एसेनला आपल्या घरी परतायचा रस्ता तिला डोळे मिटूनही आला असता. त्या रस्त्यावर तिनं सहा वर्षं एकच विचार वेगवेगळ्या शब्दांत केला होता. पस्तिशीतल्या बाईला, जिचं स्वतःचं घर आहे, पगार आहे, भिंतभर पुस्तकं आहेत, तिला बापाच्या घरातल्या एका खोलीवरून पंधरा वर्षांच्या पोराचा हेवा वाटावा, हे तिला पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणून कुणाला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नव्हतं म्हणून ते आत टिकून राहिलं होतं. आई जाऊन वर्ष झालं असेल तेव्हा. एवाल्डनं फोन केला होता. शेजारच्या शहरातल्या मोठ्या फुटबॉल क्लबाचं पोरांचं वसतिगृह भरलं होतं, तेव्हा बाहेरगावच्या होतकरू खेळाडूंना ठेवून घेणारी घरं ते शोधत होते. जेवण द्यायचं, कपडे धुवायचे, अभ्यास बघायचा, सरावाला पोचवायचं. "तुझी खोली रिकामीच आहे," एवाल्ड म्हणाला होता. "दर आठवड्याला धूळ पुसतो मी. ती बसायच्या आतच पुसतो." आणि ती म्हणाली होती, "ठेव की. सोबत होईल तुला." आपला उदार आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला होता आणि तिला तो आवडलाही होता. पुढच्या गुरुवारी गेली तेव्हा तिची पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांत भरून तळघरात गेली होती. खोलीत मलमाचा आणि ओल्या गवताचा वास होता. खिडकीत बुटांचे दोन जोड, पलंगावर एक लांबच लांब पोरगा. तिला बघून तो उठून उभा राहिला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मोईन." उत्तरेकडे समुद्रकाठी सकाळी, दुपारी, केव्हाही असंच म्हणतात. बाप राहायचा त्या खाणकाम्यांच्या हर्नेत तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पुढच्या महिन्यात एवाल्डनं फोन उचलला आणि म्हणाला, "मोईन." अलमुटनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. साठी ओलांडलेला माणूस, जन्मभर ज्यानं दिवस चांगला जावो म्हणून कुणाला म्हटलं नाही, तो नवा शब्द शिकला होता.

तिच्या शाळेच्या एकाही पालकसभेला तो गेला नव्हता. खाणीत पाळी असायची, किंवा पाळीहून आल्यावर झोप असायची, आणि त्यात त्याचा दोष नव्हता हे तिला तेव्हाही कळत होतं. त्यार्कच्या सभेला मात्र तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. पोराला वाचन येत नव्हतं, म्हणजे येत होतं, पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवायची. शाळेनं एक कादंबरी लावली होती. एवाल्ड रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवू लागला. एवाल्ड, जो चौदाव्या वर्षी शाळा सोडून जमिनीखाली गेला, आणि ज्याला ती दर नाताळला एक पुस्तक देत आली होती. ती पुस्तकं बाहेरच्या खोलीत कपाटात उभी होती, उघडली की पाठीचा नवा डिंक करकरायचा. एकदा त्यानं खास तेवढ्यासाठी फोन केला. "ह्या गोष्टीतला तो माणूस शेवटी घरी परत का येत नाही गं?" तिला आठवतं, ती खुर्चीत सरळ बसली. इतक्या वर्षांत त्यानं तिला तिच्या जगातलं पहिल्यांदा काही विचारलं होतं. ती बोलू लागली. त्या माणसाला घर हवं असतं पण घरातल्यांनी आपल्याला पाहावं हे नको असतं, असं काहीतरी चांगलं बोलत होती ती. तेवढ्यात एवाल्ड म्हणाला, "थांब थांब, त्याला फोन देतो. त्यालाच सांग. त्याला लिहायचंय." आणि तिनं ते सगळं त्या पोराला सांगितलं, हळूहळू, त्याला लिहून घेता यावं म्हणून दोनदा. त्याला त्या निबंधात चांगले गुण मिळाले. एवाल्डनं त्याला त्याबद्दल नवे बूट घेतले.

हेव्याला काय लागतं? फार काही लागत नाही. तिनं आयुष्यभर पुस्तकांतून मोठमोठे हेवे वाचले होते, भावांचे, नवराबायकोंचे, राजांचे. तिचा हेवा त्यांच्या मानानं अगदी घरगुती होता. तो एका तव्याचा होता, इस्त्रीच्या सदऱ्याचा होता. आणि एकदा तो गुडघ्याचाही झाला होता. त्यार्क अठराचा होता, मोठ्या संघात त्याला घ्यायचं ठरलं होतं, आणि एका सरावात त्याच्या गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. एवाल्डचा फोन आला तेव्हा ती कपबशा धूत होती. तो बोलू शकत नव्हता. तिला आधी वाटलं खोकतोय. मग कळलं, रडतोय. आईच्या वेळी तो रडला नव्हता. दवाखान्यातून घरी आला होता, बूट पुसले होते आणि बटाटे उकडायला ठेवले होते. आता दुसऱ्या कुणाच्या पोराच्या गुडघ्यासाठी तो फोनवर रडत होता आणि ती "होईल बरा, बाबा, आजकाल होतात बरे" म्हणत होती. फोन ठेवून ती पुन्हा कपबशांकडे वळली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

गुडघा बरा झाला. एवाल्डनं त्याला रोज व्यायामाला नेलं-आणलं, हिवाळाभर. पुढच्या वर्षी त्यार्क मोठ्या संघाकडून पहिल्यांदा मैदानात उतरला, डाव्या बाजूनं, शेवटची थोडी मिनिटं. नंतर पूर्ण सामने खेळू लागला. पेपरात त्याचा फोटो आला, लोक त्याला रस्त्यात थांबवू लागले, शहरात त्यानं स्वतःचं घर घेतलं. अलमुटला वाटलं होतं, आता संपेल. पण गुरुवार संपला नाही. तिचा दुपारचा गुरुवार आणि त्याचा संध्याकाळचा. मध्ये तासाभराचं अंतर असायचं, आणि ते अंतर दोघांनी मिळून, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, सांभाळलं होतं.

शुक्रवारी सकाळी ती परत आलेली पुस्तकं मांडत होती तेव्हा कुबियाक बाईंचा फोन आला. एवाल्ड पेपर आणायला खाली उतरला होता. वर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसला, आणि बसलेलाच राहिला. "मला वाटलं दम खातोय," कुबियाक बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, काय एवाल्ड, काल रात्री फार खाल्लंस वाटतं. चेष्टा केली गं मी त्याची." ती पोचली तेव्हा डॉक्टर येऊन गेला होता आणि एवाल्डला त्याच्या पलंगावर ठेवलं होतं. घर गार पडलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, आणि खिडकीशी त्यार्क उभा होता, सरावाच्या कपड्यांत, पायांत नुसते मोजे. बूट त्यानं दाराबाहेर काढले होते, एवाल्डच्या घरात तसाच नेम होता. ती आत आली आणि काही न बोलता तिनं खिडकी लावली.

"असू दे ना," तो म्हणाला. "आमच्याकडे उघडी ठेवतात. माणूस गेल्यावर."

"कुठे आमच्याकडे?"

"तिकडे. गावाला. आजी म्हणायची, त्याला बाहेर जायला..."

"हे हर्ने आहे," अलमुट म्हणाली.

ओट्यावर तवा होता, धुतलेला, पालथा घातलेला. त्याच्या शेजारी दोन ताटल्या. तिची नजर तिथे गेलेली त्यानं पाहिली. "काल आम्ही..." तो म्हणाला. "काल तो खूप..." त्याचा चेहरा एकवीस वर्षांचा नव्हता, खूप लहान होता, आणि तिला दिसलं की त्याला ते सांगायचंय, कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवणार नाही, आणि कुणाला म्हणजे तिलाच, कारण जगात दुसरं कुणी नव्हतं. तिला ते ऐकायचं होतं. काल संध्याकाळी बाप काय बोलला, किती खाल्लं, हसला का, तिच्याबद्दल, ती न थांबता गेली त्याबद्दल काही म्हणाला का. आणि म्हणूनच ती म्हणाली, "आता नको."

"बरं," त्यार्क म्हणाला.

तेच बरं. तोच स्वर. तिला ते सहन झालं नाही. "किल्ली दे," ती म्हणाली. "आता लागणार नाही तुला." त्यानं खिशात हात घातला, किल्ली टेबलावर ठेवली, सरकवली नाही, फेकली नाही, नुसती ठेवली. मग आत जाऊन पलंगाशी थोडा वेळ उभा राहिला. तिनं बाहेरून पाहिलं नाही, पण पायमोज्यांचा आवाज झाला नाही त्यावरून तिला कळलं की तो हलत नाहीये. मग दार वाजलं. बूट घालण्यासाठी तो जिन्यात बसला असणार, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच बसला असेल का, असं तिच्या मनात आलं. ती तवा उचलून पुन्हा धुवायला लागली.

शनिवारी संघाच्या व्यवस्थापकाचा फोन आला. ब्रुन्स नाव होतं. आवाज मऊ, सवयीचा. आधी शोक, मग कामाचं. "त्यार्कनं उद्या दंडावर काळी फीत बांधायची परवानगी मागितलीय, स्किबा बाई. कुणाच्या घरचं माणूस गेलं की आम्ही देतो. नियम तसा आहे, घरचं माणूस. कधी कधी सगळा संघच बांधतो. मग माईकवर दोन शब्द सांगतात, लोक उभे राहतात. पण त्याचे आईवडील तर तिकडे धडधाकट आहेत. तो म्हणतो, हे त्याहून वेगळं नाही. आता हे मी कसं ठरवणार? म्हटलं, घरच्यांना विचारावं. तुम्ही म्हणालात तर बांधू."

अलमुट बापाच्या पलंगाच्या कडेवर बसली होती. पलंग आता रिकामा होता. तिला लोक उभे राहिलेले दिसले. हजारो लोक, बापाच्या नावानं, आणि मधोमध तो उंच पोरगा खाली मान घालून. एवाल्ड स्किबाच्या जाण्यानं जगात जे काही रिकामं झालं असेल ते सगळं त्या एका दंडावर बांधलेलं. आणि आपण कुठे? दूरदर्शनसमोर. एसेनमध्ये.

"तो घरचा नाही," ती म्हणाली. "वडिलांकडे राहायला होता, एवढंच. आम्हाला हे शांतपणे करायचंय."

"समजलं," ब्रुन्स म्हणाला. त्याला हायसं वाटलं असावं. "त्याला सांगतो तसं."

आम्हाला, असं ती म्हणाली होती. आम्ही म्हणजे कोण, हे फोन ठेवल्यावर तिनं स्वतःला विचारलं. खोलीत ती एकटी होती.

रविवारी मैदानावर जायचं तिच्या मनात नव्हतं. सकाळी बापाचा कोट अंत्यविधीवाल्याकडे द्यायचा की नाही ते बघत होती, तेव्हा आतल्या खिशात त्याचं हंगामाचं तिकीट सापडलं, प्लास्टिकचं, कडा झिजलेलं. तिनं स्वतःला सांगितलं, त्याची जागा रिकामी राहू नये. खरं कारण तिला माहीत होतं. तिला बघायचं होतं की त्यानं बांधलीय का. आपल्याला न विचारता, आपलं 'नाही' न मानता, पोरानं ती बांधलीच असेल अशी तिची खात्री होती, आणि तसं झालं असतं तर तिला राग धरायला जागा मिळाली असती. ट्राममध्ये सगळे गळपट्टे घातलेले, बिअरच्या बाटल्या, गाणी. तिनं काळा कोट घातला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्चमध्ये निम्मं शहर काळेच कोट घालतं. ह्या मैदानावर ती एकदाच आली होती, आठ वर्षांची असताना, बापानंच आणली होती. तिनं बरोबर पुस्तक आणलं होतं आणि सामनाभर ती वाचत बसली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, आपण काहीतरी चांगलंच करतोय, त्रास देत नाही आहोत. घरी जाताना बाप एवढंच म्हणाला होता, "थंडी नाही ना वाजली?" पुन्हा कधी त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही कधी म्हटलं नाही की विचार.

"ही एवाल्डची जागा आहे, बाई," शेजारचा म्हातारा म्हणाला. नाक लाल, मांडीवर सॉसेजचा पाव. त्याच्या पलीकडे दुसरा, कानावर यंत्र लावलेला.

"माहीत आहे. मी मुलगी त्याची."

"मुलगी? अरे लोथार, एवाल्डची मुलगी आलीय." कानावरचं यंत्र वळलं. "मी एगोन. तो कुठाय? छाती पुन्हा?"

"हो," ती म्हणाली. "आला नाही." बातमी मंगळवारच्या पेपरात यायची होती. आता सांगितलं तर ह्या अनोळखी माणसांसमोर बसून त्यांचं सांत्वन ऐकावं लागेल असं तिला वाटलं.

"तू ती पुस्तकवाली ना?" लोथार पलीकडून ओरडला. "तो सांगायचा तुझं."

"काय सांगायचा?"

पण तेवढ्यात खेळाडू बाहेर आले, सगळं मैदान उठून गाऊ लागलं आणि लोथारनं यंत्राचा आवाज कमी करण्यासाठी कानाला हात लावला.

तिनं आधी दंड पाहिले. डावी कड, पाठीवर अकरा नंबर. दोन्ही दंड मोकळे होते. त्यानं तिचं ऐकलं होतं. तिला वाटलं, आता आपल्याला शांत वाटेल, आणि क्षणभर वाटलंही, आणि मग त्या शांततेखाली काहीच लागेना. खेळ सुरू झाला. तिला खेळातलं कळत नव्हतं, पण न कळणाऱ्यालाही दिसावं असं ते होतं. चेंडू त्याच्याकडे यायचा आणि जायचा, जणू तिथे कुणी नाहीच. एकदा तो पायाखालून बाहेर गेला. एकदा त्यानं सरळ विरोधी माणसाच्या पायात दिला. पाहुण्यांचा पहिला गोल त्याच्याच बाजूनं झाला. तो धावायचा, थांबायचा, मागे उशिरा वळायचा.

"नवरदेवासारखा चाललाय," एगोन म्हणाला. "पायाखाली गालिचा पाहिजे ह्याला."

"पैसा आला," लोथार म्हणाला. "मोठी गाडी आली की पाय जड होतात. सगळ्यांचं तेच."

"एवाल्डला सांग पोरी, कान उपट म्हणावं त्याचे. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही तो. एवाल्ड इथून नुसता हात हलवायचा, असा, आणि ते पोरगं पुढे सरकायचं. एवढ्या गर्दीत त्याला दिसायचं कसं कोण जाणे."

मध्यंतरानंतर हिणवणाऱ्या शिट्ट्या सुरू झाल्या. आधी पलीकडच्या कोपऱ्यातून, मग सगळीकडून, चेंडू त्याच्या पायाशी आला की सुरू आणि गेला की बंद. स्वतःच्याच माणसाला स्वतःच्याच लोकांनी वाजवलेल्या शिट्ट्या. तिच्या मागच्या रांगेत एक तरुण तोंडात बोटं घालून वाजवत होता, आणि श्वास घ्यायला थांबला की ओरडत होता, "जा परत, मासेवाल्या! समुद्रात जाऊन पोह!" आजूबाजूचे हसत होते. ब्रुन्सचा मऊ आवाज तिला ऐकू आला, माईकवर दोन शब्द सांगतात, लोक उभे राहतात. दोन शब्दांचं काम होतं. ते लोक, हेच लोक, उभे राहिले असते आणि त्यानं चेंडू शंभरदा घालवला असता तरी कुणी शिट्टी वाजवली नसती. ह्या एवढ्या मोठ्या गर्दीत तो का धावू शकत नाही हे फक्त तिला माहीत होतं. आणि फक्त तिलाच माहीत असावं अशी व्यवस्था तिनं स्वतः केली होती.

चेंडू पुन्हा बाहेर गेला. तो आणायला त्यार्क कडेला आला, आणि वाकण्याआधी त्यानं वर पाहिलं. सरळ ह्या रांगेकडे, ह्या जागेकडे. बहुतेक नुसती सवय असेल. जागेवर कुणीतरी बसलेलं त्याला दिसलं. तिला इतक्या लांबून त्याचा चेहरा दिसला नाही, पण त्याचं अंग दिसलं. आशेनं अंग कसं वर उचलतं आणि मग, ते कोण आहे हे कळल्यावर, कसं खाली बसतं, ते दिसलं. तो चेंडूकडे वाकायचं विसरला. पंच त्याच्याकडे आला, काही बोलला. शिट्ट्यांनी कान फाटायला लागले. आणि अलमुटला तिच्याच अंगात ते उचलणं आणि बसणं जाणवलं, कारण शुक्रवारपासून प्रत्येक दाराशी तिचं अंग तेच करत होतं. तिला वाटलं होतं, हे फक्त आपल्याला होतं.

ती उठून उभी राहिली. मागे वळली.

"शिट्टी बंद कर," ती त्या तरुणाला म्हणाली.

त्यानं बोटं तोंडातून काढली. "काय?"

"बंद कर म्हणते."

"का? तुझा कोण लागतो तो?" तो शेजाऱ्यांकडे बघून हसला. "मावशीला पोरगं आवडलेलं दिसतंय."

"त्याचा बाप गेलाय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. पुढच्या दोन रांगा वळल्या. "शुक्रवारी. जिन्यात. त्याचा बाप गेलाय आणि तो तिथे खेळतोय."

"काहीतरी काय बोलतेस पोरी," एगोन खालून म्हणाला. "त्याचा बाप तर तिकडे समुद्रावर बोटी दुरुस्त करतो. एवाल्डच सांगत होता मागे..." आणि तो थांबला. त्यानं तिच्या काळ्या कोटाकडे पाहिलं, मग ती ज्या जागेवरून उठली होती त्या जागेकडे पाहिलं. हातातला पाव त्यानं हळूच कागदात गुंडाळला. "एवाल्ड?"

लोथारनं त्याचा दंड धरला. "काय म्हणाली? कुणाचा बाप?"

खाली त्यार्क चेंडू हातात घेऊन उभा होता आणि अजून वर बघत होता. अलमुटनं हात वर केला. तो हलवायचा कसा, हे तिला माहीत नव्हतं. तिनं तो नुसता वर धरला आणि लोथारच्या कानाशी वाकली. त्याला ऐकू जावं म्हणून तिला ते एकेक शब्द वेगळा करून, मोठ्यानं म्हणावं लागलं.

"आमचा," ती म्हणाली. "त्याचा आणि माझा."